वीतभर भिंत

बाथरूममध्ये आरशामागे जे लोखंडी कपाट आहे, त्याच्या पाठीला बोटभर लांबीची एक चीर आहे. हे घर घेऊन तीन वर्षं झाली होती, रोज सकाळी मी ते कपाट उघडत होते, तरी ती चीर मला कधी दिसली नव्हती. सहा वर्षांच्या लेकीला दिसली. दात घासायला ती ज्या स्टुलावर चढते, तिथून तिची नजर नेमकी त्या जागी पोचते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी आजीची पुतळी शोधत होते, तिच्या माळेतली सोन्याची चकती. तिची कडी झिजून निखळली होती. इथे न्यू जर्सीत ओक ट्री रोडवरच्या सोनाराकडे नेऊन नवी बसवून घ्यायची म्हणून मी ती काढून बेसिनशेजारच्या वाटीत ठेवली होती. वाटी रिकामी. टॉवेल झटकले, बेसिनखालचं कपाट उपसलं, कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर ओतली. लेक दारात उभी राहून सगळं बघत होती. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आई, ती भिंतीत आहे."

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. तिनं खाली मान घातली आणि पुढचे चार दिवस त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही, एवढंच लिहिते.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी सुतारकाम केलं, न्यू जर्सीच्या या भागातली कितीतरी घरं त्यांच्या हाताखालून गेली. लेक त्यांना आजोबा म्हणते. त्यांना बोलावलं. त्यांनी कपाटाच्या पाठीवर विजेरी तिरपी धरली, तेव्हा रंगाच्या थरांखालून उठावाची अक्षरं दिसायला लागली : 'रेझर ब्लेड्स'. दाढी झाली की जुनं ब्लेड या चिरेतून आत सारायचं, ते कपाटामागून भिंतीत पडायचं आणि तिथंच राहायचं. खाली कुठेतरी डबा असेल, तो काढून रिकामा करता येत असेल, असं मला वाटलं. आजोबांनी मान हलवली. डबा नाही. भिंत हाच डबा.

नंतर याबद्दल मी बरंच वाचलं. ब्लेडं यायच्या आधीच्या पिढ्यांमध्ये वस्तरा बापाकडून मुलाकडे जायचा, चामड्याच्या पट्ट्यावर परजून वर्षानुवर्षं वापरायचा. किंग जिलेट यांना त्यांच्या रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं आणि वापरून टाकून द्यायचं दुधारी पातं घराघरांत शिरलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. घरी परतलेली माणसं ती सवय सोबत घेऊन आली. पण टाकून द्यायचं म्हणजे टाकायचं कुठे? दाढीला बोथट झालेलं पातं बोट कापायला पुरेसं धारदार असतं. कचऱ्यात टाकलं तर उचलणाऱ्याच्या हाताला लागणार, घरात लहान मूल असेल तर आणखी भीती. म्हणून भिंत. सत्तरच्या दशकात मुठीसकट फेकून द्यायचे प्लास्टिकचे रेझर आले आणि अशा चिरांची गरजच संपली. आमचं घर १९५३ सालचं आहे.

मला खरा धक्का बसला तो भिंत पोकळ असण्याचा. घर घेताना सगळं सांगितलं गेलं होतं : सोळा-सोळा इंचांवर लाकडाचे उभे वासे, त्यांच्या दोन्ही अंगांना जिप्समच्या पाट्या आणि त्यावर गिलावा, मधे हवा. ऐकलं होतं, पण माझ्या मनातली भिंत तशी नव्हती. ती मराठवाड्यात परांडा तालुक्यातल्या आमच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातली भिंत होती. बाहेरून दगड, आतून दगड, मधे मातीची भर, आणि जाडी एवढी की खिडकीत मी मांडी घालून बसायचे आणि तरी पुढे पुस्तक ठेवायला जागा उरायची. त्या भिंतीत कोनाडे होते, देवळ्या होत्या, आणि माजघरात बळद होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, बळद म्हणजे भिंतीतच बांधलेली धान्याची कोठी. वरून ज्वारी ओतायची, लागेल तशी खालच्या भोकाचा बोळा काढून पदरात घ्यायची. बोळा काढला की ज्वारीचा जो आवाज यायचा, तो मला अजून झोपेत ऐकू येतो. त्या घरात लोक भिंतीत हवं ते ठेवत. इथं नको ते टाकत होते, आणि त्यात जाऊन आजीची पुतळी पडली होती.

पुतळी म्हणजे गोल, पातळ सोन्याची चकती. तिच्यावर ठशानं उठवलेली लक्ष्मी. अशा पुतळ्या रेशमाच्या पेडावर गाठवून माळ करतात. नाव मात्र लक्ष्मीवरून आलेलं नाही. इटलीतल्या व्हेनिस शहरानं १२८४ साली सोन्याचा डुकाट पाडायला सुरुवात केली, साधारण साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा. त्याच्या एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राजप्रमुख. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ही नाणी आपल्या किनाऱ्यावर उतरली, आणि त्यावरच्या बाहुलीसारख्या आकृत्या बघून आपल्या लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं. नाण्याचं सोनं इतकं भरवशाचं की बायकांनी ती गळ्यात घातली. पुढे सोनारांनी तशाच चकत्या घडवल्या आणि संताच्या जागी लक्ष्मी आली. आजीची पुतळी सोनारानं घडवलेली, दीड ग्रॅमची. मूळच्या माळेत अशा एकवीस होत्या.

ती माळ एकदा भिंतीत जाऊन आलेली होती.

देश स्वतंत्र झाला तेव्हा परांडा निजामाच्या राज्यात होतं आणि शेजारची बार्शी मुंबई प्रांतात. म्हणजे एका रात्रीच्या बैलगाडीच्या वाटेवर स्वातंत्र्य आलेलं आणि आमच्या गावात आलेलं नाही. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं सरहद्द ओलांडून बार्शीकडे, सोलापूरकडे जात होती. आजी तेव्हा सतरा वर्षांची. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सासरे आणि तिचा नवरा, म्हणजे माझे आजोबा, आधीच्या खेपेला गुरं पोचवायला पुढे गेलेले. रात्रीच्या वाटेनं अंगावर सोनं घालून निघायचं नाही, हे ठरलेलं होतं. आजीनं माजघराच्या भिंतीतला एक दगड पहारीनं सैल करून काढला, मागची माती कोरली, माळ फडक्यात बांधून गाडग्यात घातली आणि गाडगं आत सरकवलं. पुढे चपटे दगड, वर भुसा आणि शेण कालवलेल्या मातीचा गिलावा. नव्या मातीचा डाग वाळल्यावरही वेगळा ओळखू येतो. म्हणून तिनं त्या एका जागेवर हात फिरवून काम संपवलं नाही. माजघराच्या चारी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारून काढल्या. एका रात्रीत, एकटीनं. मग वितीनं मोजलं : चौकटीपासून सात, जमिनीपासून पाच.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाची शरणागती झाली. आमचे लोक पावसाळा संपल्यावर परतले. दाराच्या फळ्या गेल्या होत्या, भांडी गेली होती, बळदातली ज्वारी गेली होती. भिंती होत्या. सासऱ्यांनी आजीचा हिशेब सासूबाईंकडून ऐकला, सात वीत मोजल्या, पाच वीत मोजल्या आणि भिंत फोडली. आत दगड आणि माती. शेजारी फोडली. तिथंही तेच. तिसऱ्या भोकानंतर सासरे पहार टेकून उभे राहिले आणि कुणी काही बोललं नाही. ते न बोलणं कसलं होतं, हे आजीला पक्कं कळलं होतं. पन्नास वर्षांनी मला सांगतानाही ती त्या ठिकाणी थांबायची. सासऱ्यांपुढे सुनेनं उभं राहायचं नाही असा तो काळ. तिनं दाराआडून सासूबाईंना सांगितलं, "मामंजींना म्हणावं, वीत माझी हाय."

मग तिला आत बोलावलं. तिनं पदर सावरला, चौकटीला करंगळी लावली आणि सात वेळा हात टाकला. गाडगं तिथंच होतं.

मी एकदा याचं गणित करून पाहिलं. पुरुषाची वीत नऊ इंच धरली आणि आजीची साडेसात, तर सात वितींत साडेदहा इंचांचा फरक पडतो. आजी लहानखुरी होती. तिच्या बांगड्या मला दहावीतच होईनाशा झाल्या होत्या. त्या भिंतीत तिच्या हाताएवढं मोजलेलं अंतर होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला सापडणं शक्यच नव्हतं. हा प्रसंग घरात सगळे हसत सांगायचे. मला त्यात कधी हसू आलं नाही. दाराआडची ती मुलगी मला दिसते. तिच्याकडे बघून गप्प झालेलं घर दिसतं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या एकवीसपैकी चौदा पुतळ्या गेल्या. आजीनं त्या स्वतः काढून दिल्या. उरलेल्या सात तिनं आम्हा सात नातींना एकेक वाटल्या. घरही आता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी माणसं गाडली, आणि आमच्या भागातही माळवदाखाली झोपायची कुणाची हिंमत होईना. काकांनी माळवद उतरवून पत्रे घातले, पुढे भिंतीही काढल्या. आजीची म्हणून माझ्याकडे उरली होती ती ही दीड ग्रॅमची चकती.

शेजारच्या आजोबांनी काम आखून दिलं. आधी कपाट काढायचं. कडेचा साकळलेला रंग सुरीनं कापला, दोन्ही बाजूंचे चार स्क्रू काढले आणि कपाट पुढे आलं. मागे काळोख. फोनला जोडायचा, लांब तारेच्या टोकाला दिवा असलेला कॅमेरा आणला होता. तो खाली सोडला. कोळिष्टकं, लाकडाची खडबडीत कड, आणि सगळ्यात खाली एक तपकिरी ढीग. पुतळी कुठेच दिसेना. ढिगात हात घालायचा नव्हता, आणि चार फूट खाली हात पोचणारही नव्हता.

मग दोरीला लोहचुंबक. ही युक्ती नवऱ्याला सुचली आणि ती मला फार आवडली, कारण चुंबक पोलादच तेवढं उचलतो, सोन्याला हातही लावत नाही. दोरी खाली जायची आणि ब्लेडांचा घोस घेऊन वर यायची. वरची पाती अजून चकाकत होती. स्टेनलेस स्टीलची ब्लेडं साठच्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली, त्यानंतरची ती असणार. त्याखालची साध्या पोलादाची, गंजून एकमेकांना चिकटलेली. एका माणसाचं वय त्या थरांमधून मागे मागे जात होतं. जमा झालेली पाती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर सातशे ग्रॅमच्या आसपास भरली. एक ब्लेड अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. आठवड्याला एक धरलं तरी वीस वर्षांहून जास्त काळच्या सकाळी होत्या त्या. कुणीतरी याच आरशात बघून, गाल फुगवून, कामावर जायची तयारी केली होती. मला तो माणूस माहीत नाही, पण त्या संध्याकाळपासून आमच्या बाथरूममध्ये तो आहे असं मी धरून चालते.

तळाचा गंजाचा थर चुंबकाला सुटेना. आता भिंत कापायलाच हवी होती. बाथरूमच्या बाजूनं टाइल आणि तिच्यामागे सिमेंटचा जाड थर. पण भिंतीच्या पलीकडे आमच्या झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट होतं, तिथं साधा गिलावा. तरी आजोबांनी हात लावू दिला नाही. अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि त्या काळच्या गिलाव्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि थांबलो.

त्या आठवड्यात आईचा सोलापूरहून रोज फोन यायचा. "सापडली का गं?" आणि मग लगेच, "लेकराला बोलू नको." मी बोलत नव्हते, पण जवळही घेत नव्हते. बुधवारी रात्री अंथरुणात लेकीनंच विचारलं, "पणजीला रागावले होते का सगळे?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. शेजारच्या गल्लीत चोरी झाली, असं मी आणि तिचा बाबा जेवताना बोललो होतो. पुतळी वाटीत उघडी पडली होती. पणजीनं चोर यायच्या आधी सोनं भिंतीत ठेवलं होतं, ही गोष्ट मीच तिला कितीदा सांगितलेली. तिनं घरभर भिंतीत जागा शोधली. आमच्या भिंतींना कोनाडे नाहीत, देवळ्या नाहीत, दगड निघत नाहीत. एकच चीर सापडली.

मी शनिवारपासून सगळ्यांना सांगत होते, पुतळी हरवली, लेकीनं टाकली. तिनं टाकली नव्हती, ठेवली होती. आणि मी तिच्यासमोर उभं राहून ओरडले होते. निदान सासरे पहार टेकून गप्प तरी राहिले होते. मी दिवा लावला, तिला मांडीवर घेतलं आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "पण मी मोजलं नाही." ते तिला चार दिवस खात होतं.

अहवाल आला : ॲस्बेस्टॉस नाही, खालच्या रंगात शिसं आहे. शनिवारी लेकीला मैत्रिणीकडे पाठवलं, कपाटात प्लास्टिक पसरलं, मास्क लावले, त्या बाजूची वीज बंद केली. आजोबांनी ठोकून आतले वासे कुठे आहेत ते ओळखलं आणि जमिनीलगत चौकोन आखला. वीतभर रुंद, वीतभर उंच. धूळ उडू नये म्हणून मी पाणी शिंपत होते आणि ते हळूहळू करवत चालवत होते. तुकडा निघाला. आतून सत्तर वर्षांपूर्वीच्या लाकडाचा वास आला, कोरडा, थोडा राळेसारखा.

जाड हातमोजे घालून मी गंजाचे तुकडे एकेक करून बाहेर काढले. नवरा प्रत्येक तुकडा चाळणीत उलटून बघत होता. आधी सापडला एक सेंट, तांब्याचा, १९६१ सालचा. म्हणजे आमच्या आधीही या घरातल्या कुणा लहान हाताला ती चीर सापडली होती. मग आणखी गंज, आणखी पाती. ढीग संपत आला, तळाचं लाकूड दिसू लागलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. आजोबा म्हणाले, घाई नको, कडेनं बघ. मी विजेरी आडवी धरली. उभा वासा आणि तळाचं आडवं लाकूड जिथं मिळतात, त्या फटीत ती उभी राहिली होती. फक्त काठ दिसत होता, केसाएवढी पिवळी रेघ. तिच्या दोन्ही बाजूंनी सगळं तपकिरी होऊन गेलं होतं आणि ती पिवळीच होती.

चिमट्यानं काढताना माझा हात थरथरत होता, म्हणून शेवटी आजोबांनीच काढली. त्यांनी ती आपल्या तळहातावर ठेवली, चष्म्यातून निरखली आणि ही बाई कोण, असं विचारलं. मी म्हटलं, लक्ष्मी. मग आजीबद्दल सांगितलं. ते बऱ्याच वेळानं म्हणाले, की आपण आयुष्यभर भिंती बंद केल्या. बंद करण्याआधी आतल्या लाकडावर पेन्सिलीनं तारीख लिहायचो, ते कुणी बघेल असं कधी वाटलं नाही. आम्ही तिघांनी वाकून आमच्या वाशावर तारीख शोधली. नव्हती.

संध्याकाळी लेक परत आली. पुतळीला रिठ्याच्या कोमट पाण्यात ठेवलं होतं. गंजाचा डाग सुटून पाणी गढूळ झालं आणि लक्ष्मी वर आली. लेकीनं ती मऊ फडक्यानं पुसली. तांब्याचा सेंट कुणाचा, असं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तिनं तो मुठीत धरून थोडा वेळ विचार केला आणि चौकोन बंद करण्याआधी परत आत ठेवून दिला. "त्यांनी ठेवला असेल," म्हणाली. मग चौकटीला करंगळी लावून तिनं आपल्या वितीनं अंतर मोजलं, वहीत आकडा लिहिला आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं.

आजोबांनी नवा तुकडा बसवून फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. वाळल्यावर घासून सारखी केली, त्यावर पांढरा हात मारला. चौकोन तरी दिसत होता. नवरा म्हणाला, राहू दे, कपड्यांच्या मागे कोण बघतंय. रविवारी सकाळी मी सगळे कपडे बाहेर काढले आणि कपाटाची ती अख्खी भिंत रंगवायला घेतली, वरपासून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. लेक शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात छोटा ब्रश दिला. हात पोचेल तिथवर तिनं रंगवलं, त्याच्या वर मी.